कॅमेऱ्याची बॅग आणि खाली थांबणारी आई

साताऱ्यातल्या एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्या शाळेत शिकवतात. जानेवारीत त्या, नवरा, बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी, सासूबाई आणि दीर-जावेचं कुटुंब असे सगळे मिळून खोपोलीच्या इमॅजिका या राइडच्या थीम पार्कला जाणार आहेत. भावाने त्यांना डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा कॅमेरा भेट दिला आहे, सोबत १८-५५ (जवळच्या फोटोंसाठी) आणि ५५-२५० (लांबचं जवळ आणणारी) अशा दोन लेन्स. फोटो काढायची त्यांना मनापासून आवड आहे. पोवई नाक्यावरच्या एका दुकानात त्यांनी मोठी पाठीवरची कॅमेरा बॅग पाहून ठेवली आहे. तिच्यात कॅमेरा राहतो, शिवाय पाण्याच्या बाटल्या, मुलांचे कपडे, सासूबाईंची औषधं, पॉवर बँक, खाऊचे डबे, सगळ्यांचे चष्मे-पाकिटंही मावतात. नवऱ्याला ती पसंत आहे. जाऊबाईंचं म्हणणं, फोन असताना एवढं ओझं कशाला? आणि मुलगा म्हणाला, "आई, तू कुठेही गेलं की फोटोच काढत बसतेस." ताई विचारतात: ही बॅग घेऊ की दुसरी? कॅमेरा न्यावा की घरीच ठेवावा? आणि एवढं करून फोटो चांगले यावेत म्हणून काय करू?

प्रिय ताई,

ती मोठी बॅग घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्या आधाराने सांगायचं आहे.

बॅगेत काय काय मावेल याची तुम्ही जी यादी लिहिली आहे, ती पुन्हा एकदा वाचा. तिच्यात कॅमेरा एका ओळीत आहे आणि बाकीच्या सगळ्या ओळी घराच्या आहेत. दुकानात तुम्ही कॅमेऱ्याची बॅग बघायला गेलात आणि पसंत केली ती सगळ्या घराचं सामान पाठीवर घेणारी बॅग. ती पाठीवर घेणार कोण, हे पत्रात कुठेच नाही. ते तुमच्या घरात ठरवावंही लागत नसेल, कारण ते आधीपासून ठरलेलं आहे. प्रत्येक राइडच्या रांगेशी येऊन तुम्हीच म्हणणार, "जा तुम्ही, मी बॅगा सांभाळते." मग सगळे वर, तुम्ही खाली. फोटो सगळ्यांचे, तुमचा एकही नाही. मागच्या सहलीचे फोटो उघडून पाहा. तुम्ही किती फोटोंत आहात?

मुलगा जे म्हणाला त्याचं तुम्हाला वाईट वाटलं, हे पत्रातून कळतं. पण त्याची तक्रार कॅमेऱ्याबद्दल असेल असं मला वाटत नाही. बारा वर्षांच्या मुलाला आई आपल्या शेजारच्या सीटवर हवी असते, आणि ते सरळ सांगायला या वयात जरा लाज वाटते. म्हणून त्याने कॅमेऱ्याचं नाव घेतलं असेल. तेव्हा बॅग घेताना मोजमाप असं लावा: ती अंगावर असताना मला मुलांबरोबर फिरता येईल का, आणि ती ठेवून मला राइडवर जाता येईल का? या दोन्हीला "हो" म्हणणारी बॅग लहानच असणार.

आता तिथली परिस्थिती समजून घेऊ. इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. नायट्रो ही तिथली सगळ्यात मोठी रोलर कोस्टर. तिच्या सीटखाली पाय टेकायला तळच नाही, पाय हवेत लोंबतात. अशा राइडवर बॅग, कॅमेरा, हातातला फोन, टोपी, सुटी चप्पल यातलं काहीही बरोबर नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. उंचावरून वेगाने सुटलेली बाटलीसुद्धा खालच्या माणसाचा जीव घेऊ शकते, मग कॅमेऱ्याची काय कथा! त्यामुळे "हळूच खिशात ठेवून वरून व्हिडिओ काढू" हा विचार घरातल्या कुणाच्याही डोक्यात असेल, तर तो निघण्याआधीच काढून टाका. मोठ्या राइडवर पार्कचे स्वतःचे कॅमेरे लावलेले असतात. ओरडतानाचे चेहरे ते टिपतात आणि बाहेर पडताना तो फोटो विकत मिळतो. एखादा घ्या, पैसे वाया जात नाहीत.

घराचं सामान एका साध्या वीस लिटरच्या सॅकमध्ये भरा आणि आत गेल्या गेल्या भाड्याच्या लॉकरमध्ये ठेवा. सगळ्या कुटुंबाला मिळून एक लॉकर बहुतेक पुरतो. लॉकरची किल्ली तुमच्याकडे नको, दिरांकडे द्या. यात रुसवाफुगवीचं काही नाही, किल्ली ज्याच्याकडे असते त्यालाच सगळे हाक मारतात, एवढंच. खाऊच्या डब्यांचं म्हणाल तर बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. दशम्या, चटणी, जे काही केलं असेल ते गाडीतच, गेटपाशी पोचायच्या आधी खाऊन घ्या. साताऱ्याहून खोपोली पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर पडते. खंबाटकीचा घाट, पुण्याचा बायपास, पुढे एक्सप्रेसवे. पहाटे निघालात तरी वाटेत खाण्यासाठी थांबावं लागणारच आहे. सासूबाईंची औषधं मात्र लॉकरमध्ये ठेवू नका. ती त्यांच्याच पर्समध्ये असू द्या.

राहिली कॅमेऱ्याची बॅग. तुमचा कॅमेरा आणि १८-५५ लेन्स मिळून साधारण पाऊण किलो होतील. ५५-२५० धरून किलोच्या थोडं वर. एवढ्यासाठी पाच-सहा लिटरची, एका खांद्यावरून छातीवर तिरकी येणारी स्लिंग बॅग पुरेशी आहे. पाठीवरच्या बॅगेपेक्षा ती मला इथे दोन कारणांसाठी पटते. गर्दीत ती पुढे ओढून घेता येते, मागून चेन कुणी उघडेल ही धास्ती राहत नाही. आणि बॅग खाली न ठेवता कॅमेरा काढता-ठेवता येतो. पाठीवरची बॅग उतरवून, जमिनीवर टेकवून, वाकून कॅमेरा काढेपर्यंत मुलगी कारंज्यातून पळून गेलेली असते. पण खांदा किंवा मान दुखत असेल तर मात्र दिवसभर एकाच खांद्यावर दीड किलो घेऊ नका. मग दोन पट्ट्यांची छोटी पाठपिशवी घ्या, जिची चेन पाठीकडच्या बाजूने उघडते अशी.

दुकानात कॅमेरा आणि दोन्ही लेन्स घेऊन जा. रिकामी बॅग हातात छानच वाटते. सामान भरा, अंगावर घ्या, बुटाची नाडी बांधायला वाकता तशा वाका. बॅग पुढे येऊन तोंडावर आपटली तर ती नको. एका हाताने चेन उघडून पाहा, कारण दुसऱ्या हातात मुलीचा हात असणार. चेन अर्धी उघडी असताना कॅमेरा बाहेर घसरतो का ते बघा. पट्टा चार-पाच सेंटीमीटर रुंद हवा, अरुंद पट्टा दुपारपर्यंत खांद्यात रुतायला लागतो. आतलं अस्तर फिकट रंगाचं असलं तर लेन्सचं काळं झाकण शोधावं लागत नाही. तळाच्या कप्प्यात पावसाचं आवरण असलं तर उत्तम. आपल्याकडे जूनपासून त्याची गरज आहेच. बॅगेवर कॅमेरा कंपनीचं ठळक नाव नसलेलं बरं, आत काय आहे हे गर्दीला कशाला सांगायचं?

नवी बॅग घ्यायचीच नसेल तर आणखी एक मार्ग आहे. कॅमेऱ्यासाठी मऊ गादीचे सुटे कप्पे मिळतात, घरातल्या एखाद्या तिरक्या पट्ट्याच्या पिशवीत ते बसवायचे. कमी पैशांत काम होतं. पिशवीला चेन मात्र पक्की हवी.

कॅमेरा न्यावा की नाही? जाऊबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. जवळचे चेहरे, सगळ्यांचा एकत्र फोटो, व्हिडिओ, जेवताना, गाडीत, एवढ्या सगळ्यासाठी त्यांचा फोन भरपूर आहे. पण रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात बसलेल्या मुलाचा चेहरा खालून फोनने टिपायला गेलात तर एक ठिपका येईल. तिथे तुमची ५५-२५० लेन्स लागते. वेगात जाणारी गोष्ट स्थिर पकडणं, लांबचा चेहरा जवळ आणणं, या कामांसाठी कॅमेरा न्या. बाकीचं फोनवर सोडा. म्हणजे हातात कॅमेरा दिवसातला थोडाच वेळ असेल, उरलेला वेळ तो बॅगेत. पाण्याच्या राइडकडे जाताना तर तोही लॉकरमध्येच.

हा थोडा वेळ कोणता, हे तिथल्या नियमांनीच ठरतं. मोठ्या राइडना उंचीची अट असते. तुमची सात वर्षांची लेक काहींवर जाऊ शकणार नाही, म्हणजे तिच्याजवळ एक मोठं माणूस खाली थांबणारच. मोठ्यांच्या दोन पाळ्या करा. पहिल्या पाळीत तुम्ही लेकीबरोबर खाली आणि कॅमेरा बाहेर. दुसऱ्या पाळीत कॅमेऱ्याची बॅग नवऱ्याच्या गळ्यात आणि तुम्ही मुलाच्या शेजारी. पाळी चुकवू नका. "राहू दे, रांग मोठी आहे" असं तुम्हीच म्हणाल, मला अंदाज आहे, म्हणून हे आधीच घरात सगळ्यांसमोर ठरवा. सासूबाई खाली बसणारच आहेत असं धरून सगळी ओझी त्यांच्या मांडीवर देऊ नका. त्यांना सावकाश फिरणाऱ्या, बसून बघायच्या राइड आवडतील. विचारा त्यांना. विचारलं नाही की म्हातारी माणसं "मी बसते इथे" म्हणतात.

आता फोटोंकडे वळते. राइडचा फोटो काढताना नवशिके गाडीच्या मागे मागे कॅमेरा फिरवत राहतात आणि हाती धूसर पट्टे येतात. त्यापेक्षा राइड एकदा फोटो न काढता नुसती बघा. डबे कुठल्या वळणावर तुमच्याकडे तोंड करून येतात, कुठल्या चढाच्या टोकाला क्षणभर मंदावतात, ते हेरा. रुळाच्या त्याच जागेवर आधी फोकस करून ठेवा. शटरचा वेग तुम्ही ठरवायचा आणि बाकी कॅमेऱ्याने, अशा मोडवर या. तुमच्या कॅमेऱ्यावर तो एस किंवा टीव्ही अक्षराने दाखवलेला असेल. वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवा. जानेवारीच्या दुपारच्या उन्हात आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची कॅमेऱ्याची क्षमता, ४०० त्याला पुरते. सलग फोटो घेणारा पर्याय लावा आणि डबे त्या जागी यायच्या किंचित आधी बटण दाबा. पाच-सहा फोटोंत एक असा निघतो की मुलगा दहा वर्षांनीही बघून हसेल.

फिरत्या घोड्यांच्या चक्रावर उलटं करून बघा. शटर तिसाव्या भागावर आणा, लेकीच्या घोड्याबरोबर त्याच वेगाने कॅमेरा वळवत न्या आणि वळवतानाच बटण दाबा. ती बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागचं सगळं रंगांच्या रेघांत विरघळलेलं येतं. पहिले कितीतरी फोटो फुकट जातील, ते जाणारच, पुसून टाका.

दुपारी बारा ते तीन हा चेहऱ्यांसाठी सगळ्यात वाईट वेळ. डोक्यावरचं ऊन डोळ्यांखाली काळे खड्डे पाडतं, टोप्या असतील तर अर्धा चेहराच जातो. तेव्हा माणसांना सावलीच्या कडेला उभं करा, ऊन पाठीमागे राहील असं. मागे झगझगीत उजेड असला की कॅमेरा फसतो आणि चेहरे काळवंडतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, अर्धा ते एक टप्पा वाढवा, किंवा कॅमेऱ्यावरचा फ्लॅश उघडा. दोन-तीन मीटरवरच्या माणसांना तो उन्हातही उपयोगी पडतो. मात्र अंधाऱ्या राइडमध्ये फ्लॅश अजिबात नको. डीप स्पेससारखी राइड अंधारातच धावते, तिची सगळी गंमत त्या अंधारात आहे. एका फ्लॅशने मागच्या-पुढच्या वीस जणांची मजा जाते, आणि फोटोत समोरच्या सीटची पाठ तेवढी येते.

खरा उजेड पाचनंतरचा. जानेवारीत तिथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. त्याआधीच्या तासाभरात ऊन तिरकं आणि पिवळसर होतं, पाण्याचे शिंतोडे मागून उजळतात, थकलेले चेहरेसुद्धा मऊ दिसतात. बहुतेक कुटुंबं या वेळी खाण्याच्या रांगेत किंवा खरेदीच्या दुकानात असतात. तुम्ही थोडं आधी खाऊन घ्या आणि हा तास मोकळा ठेवा. दिवे लागल्यावर आयएसओ १६०० ते ३२०० करायला घाबरू नका. थोडा रवा, म्हणजे बारीक दाणे, आलेला फोटो हललेल्या फोटोपेक्षा कधीही चांगला. तिवई (ट्रायपॉड) बऱ्याच पार्कांत नेऊ देत नाहीत. कठड्यावर बॅग ठेवा, तिच्यावर कॅमेरा टेकवा, दोन सेकंदांचा टायमर लावा. मऊ बॅग या कामाला तिवईसारखीच उपयोगी पडते.

आणि मुलांचे फोटो काढताना गुडघे टेका. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत मूल लहान आणि जमीन मोठी दिसते. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आलात की राइडची उंची त्यांना जेवढी वाटते तेवढी फोटोत येते. सगळ्यांना ओळीत उभं करून "इकडे बघा" म्हणत काढलेला एक फोटो सकाळी गेटपाशी, कपडे स्वच्छ असताना उरका. त्यानंतर दिवसभर कुणालाही थांबवून उभं करू नका. रांगेत जांभई देणारा नवरा, जावेच्या हातातला अर्धा भुट्टा, भिजून कुडकुडणारी लेक, हे फोटो न थांबवताच मिळतात.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगावं लागेल, कारण नुकसान तिथे होतं. राजासॉरससारख्या राइडमध्ये होडी उतरताना भिजायला होतं, आणि शेजारीच वॉटर पार्कही आहे. तुमचा डीएसएलआर पाण्यापासून सुरक्षित नाही, एवढं लक्षात ठेवा. फोनवर आयपी ६८, म्हणजे पाण्यापासून बचावाचं मानांकन, लिहिलेलं असतं म्हणून पुष्कळ जण बिनधास्त पाण्यात उतरतात. ती चाचणी गोड्या, स्थिर, स्वच्छ पाण्याची असते, ठराविक खोली आणि ठराविक वेळेपुरती. वॉटर पार्कच्या पाण्यात क्लोरीन असतं, घसरगुंडीच्या टोकाला पाणी जोराने आदळतं, आणि पाणी शिरून बिघडलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत दुरुस्त करून देत नाहीत. गळ्यात अडकवायची पारदर्शक थैली घ्या, आणि फोन घालण्याआधी तिच्यात कोरडा टिश्यू भरून ती बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. टिश्यू कोरडा निघाला तरच तिच्यावर विश्वास टाका. पाण्याखाली फोनची काच बोटाला दाद देत नाही, म्हणून कॅमेरा आधी उघडून ठेवायचा आणि फोटो आवाजाच्या बटणाने काढायचा.

तिथल्याच गारठलेल्या, बर्फाच्या स्नो पार्कला गेलात तर तिथून बाहेर येताच कॅमेरा काढू नका. गार झालेल्या काचेवर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी जमतं, आणि ते आतल्या काचेवर बसलं की पुढे बुरशी धरते. आतच असताना कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॅगेत ठेवा. बाहेर आल्यावर वीस-पंचवीस मिनिटं तसाच राहू द्या. बॅगेच्या कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या नेहमी असाव्यात. आणि पार्किंगमध्ये उन्हात तापलेल्या गाडीत कॅमेरा ठेवून जाऊ नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण मला सांगायलाच हवी. वॉटर पार्कमध्ये आपल्या मुलांचा फोटो काढताना मागे ओल्या कपड्यांतल्या दुसऱ्या बायका, दुसऱ्यांची मुलं येतात. थांबा, जागा बदला, त्यांना चौकटीबाहेर ठेवा. चुकून आलेच तर तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकू नका. आपल्या घरातल्या बायकांनाही विचारा की ओल्या कपड्यांतला फोटो त्यांना चालेल का. जावेची मर्जी तुम्ही परस्पर धरू नका. आणि मुलांचे फोटो जगाला दाखवायचेच असतील तर घरी परतल्यावर. घर बंद करून आम्ही सगळे खोपोलीत आहोत, हे त्याच दिवशी सांगायचं कारण नाही.

मुलाचं काय? त्याला कॅमेरा द्या. दुपारचा एक तास कॅमेरा त्याचा. पट्टा गळ्यात घालायचा, लेन्स बदलायची नाही, एवढ्या दोनच अटी. भावाने दिलेली महागाची वस्तू मुलाच्या हातात कशी देऊ, असं वाटेल. त्यासाठी निघण्याआधी सराव करा. मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते. तिथे आकाशपाळणे, गर्दी, धूळ, रात्रीचे दिवे, सगळं मिळतं. नवी बॅग अंगावर घेऊन मायलेक एक संध्याकाळ तिथे जा. वेगात फिरणारा पाळणा टिपायचा कसा, गर्दीत बॅग पुढे ओढायची कशी, लेन्स कुठे धूळ खाते, हे तिथे दोन तासांत कळेल. बॅग काचत असेल तर तेही तिथेच कळेल आणि बदलून घ्यायला वेळ राहील. त्या संध्याकाळी मुलाने काढलेल्या फोटोंत तुम्ही असाल.

सांगली-मिरजेकडून बेंगळुरूच्या वंडरलाला किंवा हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीला जाणाऱ्या वाचकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. वंडरलात पाण्याच्या राइड भरपूर, तेव्हा थैलीवाला फोन जास्त कामाचा. रामोजीत चालणं आणि पाहणं जास्त, तिथे दोन लेन्सची बॅग सार्थकी लागते. परदेशात डिस्नेच्या पार्कांत जाणाऱ्यांनी सेल्फी स्टिक घरीच ठेवावी. २०१५ पासून ती तिथे चालत नाही. कुठल्याही पार्कला निघण्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचे बॅग आणि कॅमेऱ्याचे नियम बघून घ्या, ते बदलत असतात.

निघण्याच्या आदल्या रात्री बॅटरी चार्ज करा, कार्ड रिकामं करा, दुसरं कार्ड बॅगेत टाका, लेन्स पुसायचं मऊ कापड ठेवा. परतल्यावर कॅमेऱ्यातले फोटो आधी दोन ठिकाणी उतरवून घ्या आणि मगच कार्ड पुसा. घरच्या ग्रुपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटो बारीक होऊन जातात आणि छापायला निघालं की चेहरे फुटतात. सगळे पाठवूही नका. तीस-चाळीस निवडा, आणि निवडायला मुलाला शेजारी बसवा.